डब्यात काय जमलं

सकाळी साडेसहा

जानेवारीत निफाड तालुक्यात पहाट होते ती दात वाजवतच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा किती उतरला हे पेपरात दुसऱ्या दिवशी येतं, पण द्राक्षबागायतदाराला पेपरची वाट बघावी लागत नाही. मण्यांत पाणी उतरायच्या दिवसांत थंडीने मणी तडकतात, म्हणून तो पहाटेच बागेत शेकोट्या पेटवून बसलेला असतो. पिंपळगाव बसवंतला महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर आमचं गॅरेज आहे. तिथे शटर उघडलं की पहिला वास येतो तो त्या धुराचा, डिझेलचा नंतर.

आत कालपासून एक थार उभी आहे. दोन लिटर, पेट्रोल, टर्बो. 2020 साली आलेलं हे मॉडेल आमच्याच नाशिकच्या कारखान्यात जुळतं, त्यामुळे इकडच्या मंडळींना त्याचा जरा जास्तच अभिमान. मालक द्राक्षबागायतदाराचा मुलगा, पंचविशीच्या आतला. गाडी कारखान्यातून सुमारे 150 अश्वशक्ती घेऊन निघते, ती त्याला पुरली नाही. ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचं, मॅपिंग करून बूस्ट वाढवून आणलं. मग कुणीतरी डोक्यात भरवलं की आता ऑइल कॅच कॅन, म्हणजे इंजिनाच्या श्वासातलं तेल धरणारा डबा, पाहिजेच. त्याने तो मागवूनही टाकला. निळा, चकचकीत. मला म्हणाला, "दादा, फक्त बसवून द्या, अर्ध्या तासाचं काम आहे." मी म्हटलं, गाडी रात्रभर ठेवून जा आणि सकाळी कुणी चावी फिरवायची नाही.

रात्रभर गार झालेल्या इंजिनात बरंच काही दिसतं. तेल टाकायचं झाकण फिरवून काढलं. आतल्या बाजूला फिकट पिवळी, दुधाळ मलई. आमचा हेल्पर नवा आहे, तो दचकला. "हेड गॅसकेट गेली का?" त्याला कूलंटची टाकी दाखवली, पातळी जागेवर. डिपस्टिक पुसून बुडवून काढली, तेल स्वच्छ. मलईतलं पाणी गॅसकेटमधून आलेलं नाही, जळणातून आलंय. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. त्यातलं बहुतेक सायलेन्सरवाटे निघून जातं. थोडं मात्र पिस्टनच्या रिंगांना बगल देऊन खाली क्रँककेसमध्ये उतरतं, आणि भाताच्या पातेल्यावरच्या ताटलीला खालून थेंब धरतात तसं गार झाकणाला धरतं. मळ्यातून बाजारात, बाजारातून मळ्यात, अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापतच नाही, मग ती वाफ निघून जाणार कधी?

आठ

चहाबरोबर काका आले. ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झालेले, मिग आणि सुखोईच्या कामात हयात गेलेली. घर जवळच, आणि घरी करमत नाही. गाडीला कॅच कॅन लावायचा म्हटल्यावर हसले. "अरे, जेट इंजिनाच्या ब्रीदरलासुद्धा तेल वेगळं करणारी यंत्रणा असते. जोरात फिरवायचं, जड तेल कडेला जातं, हवा मधून निघते. तुमच्या डब्यात काय फिरतं?" काहीच फिरत नाही. आमच्या डब्यात हवेला आदळायला लावायचं, वळायला लावायचं, गार करायचं, एवढंच.

रिंगा कितीही नव्या असू द्या, स्फोटाचा थोडा दाब खाली उतरतोच. गॅरेजच्या भाषेत बॅक कंप्रेशन. तो कोंडला तर ऑइल सीलमधून वाट काढतो, म्हणून इंजिनाला ब्रीदर असतो. पूर्वी ही नळी सरळ जमिनीकडे सोडलेली असायची. गाडी पुढे, तेलाचे थेंब मागे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात धुरकं असह्य झालं, तेव्हा हा ब्रीदर हे प्रदूषणाचं मोठं भोक आहे हे ध्यानात आलं, आणि ती हवा परत इनटेकमध्ये फिरवून जाळून टाकायची पद्धत तिथून जगभर गेली. पीसीव्ही व्हॉल्व्ह म्हणतात तो याच वाटेवरचा. आपल्याकडेही गाडी मान्यतेला जाते तेव्हा क्रँककेसमधून काही बाहेर पडतं का याची वेगळी चाचणी असते.

हवेचा प्रश्न सुटला, पण तिच्याबरोबर तेलाचे तुषारही इनटेकमध्ये जायला लागले. जुन्या पेट्रोल इंजिनांत ते खपून जायचे, कारण इंजेक्टर व्हॉल्व्हच्या मागे पेट्रोल फवारायचा आणि व्हॉल्व्ह रोज आपोआप धुतला जायचा. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं. व्हॉल्व्हची पाठ कोरडी राहते, तेल तिथे येऊन बसतं आणि उष्णतेने जळून काळं कवच धरतं. कुठल्याही कंपनीचं डायरेक्ट इंजेक्शन इंजिन घ्या, हा स्वभाव त्याच्यात असतोच. ते कवच काढायला अक्रोडाच्या टरफलांचा भुगा दाबाने मारतात. टरफलाने कार्बन निघतो आणि धातूला ओरखडा येत नाही. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला थट्टाच वाटली होती.

नऊ

मार्केट यार्डाकडे लाल कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. त्यातला एक रांग सोडून आमच्याकडे वळला. ब्रीदरच्या नळीतून भक् भक् धूर, बोनेटच्या खालची बाजू तेलाने माखलेली. तात्या ट्रॅक्टर बंद न करताच उतरले. "मिस्तरी, तेल पितोय. जरा बघा ना."

तेलाचं झाकण सैल केलं तर हातात टिकेना, दाबाने उडायला लागलं. पुढे बघायचं काही उरलं नव्हतं. रिंगा आणि स्लीव्ह दोन्ही संपलेत, हाफ इंजिन करावं लागेल, असं सांगितलं. तात्यांनी आकडा विचारला, ऐकला, आणि "आधी लिलाव होऊ द्या" म्हणत निघून गेले. ट्रॅक्टर गेला त्या जागी तेलाची रेघ राहिली. कॅलिफोर्नियाने साठ वर्षांपूर्वी बंद केलेली.

साडेनऊ

आता थारची तब्येत. कुणी कॅच कॅन मागितला की मी आधी कंप्रेशन बघतो. लोकांना हा वेळकाढूपणा वाटतो, पण रिंगा गेलेल्या इंजिनाला डबा लावला की दुखणं डब्यात झाकलं जातं. तेल कमी व्हायला लागतं, मालक म्हणतो डबा भरतोय म्हणजे काम करतोय, आणि सहा महिन्यांनी बोअर ओरखडलेला निघतो.

प्लग काढले, गेज लावला, स्टार्टर मारला. चारही सिलिंडर एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत. मग लीक-डाउन: पिस्टन वरच्या टोकाला आणायचा, प्लगच्या भोकातून कंप्रेसरची हवा सोडायची आणि शंभरातली किती टिकते ते बघायचं. नव्वदच्या वर टिकली. हेल्परला तेलाच्या भोकाला कान लावायला सांगितलं. तिथे हलकी फुसफुस, ती असतेच. इनटेककडे आणि सायलेन्सरकडे आवाज नाही, म्हणजे व्हॉल्व्ह बसतायत. इंजिन ठणठणीत.

टर्बोच्या तोंडाकडे जाणारी ब्रीदरची नळी उपटून आत पांढरी चिंधी फिरवली, ती चहाच्या रंगाची होऊन आली. पातळ थर आहे, थारोळं नाही. बूस्ट वाढवल्यावर एवढं अपेक्षितच. आरामात चालताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये ओढ असते, ती क्रँककेसची हवा खेचून घेते. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की तिथे ओढीच्या जागी दाब येतो, पीसीव्हीचा व्हॉल्व्ह मिटतो, आणि सगळी हवा दुसऱ्या वाटेने टर्बोच्या तोंडात जाते. जोरात पळवणाऱ्याचं तेल या दुसऱ्या वाटेने जातं, म्हणून डबा तिथे लावायचा. पहिली वाट बऱ्याच नव्या इंजिनांत व्हॉल्व्ह कव्हरच्या आतच बांधलेली असते, तिला हात लावायच्या भानगडीत मी पडत नाही.

साडेदहा ते एक

गवंडी पातळी बघायला वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप आमच्याकडे असतो. फळीवर यू आकारात वाकवून पट्ट्यांनी बांधलाय, शेजारी शाळेतली फूटपट्टी. आत कुंकू घातलेलं पाणी. एक टोक मोकळं, दुसरं रबरी नळीने डिपस्टिकच्या भोकात घट्ट बसवलेलं. क्रँककेसमध्ये दाब आला की पाणी एका बाजूने चढतं. दोन बाजूंत दहा सेंटिमीटरचा फरक म्हणजे सुमारे एक किलोपास्कल. ही काकांचीच युक्ती. गेज विकत घ्यायला निघालो होतो तर म्हणाले, कशाला पैसे घालवतोस.

फळी डॅशबोर्डवर टेपने चिकटवली, हेल्पर शेजारी, काका मागे, निळा डबा आणि क्लिपा पिशवीत. इंजिनावर सलग भार पडायला चढ लागतो, म्हणून चांदवड ओलांडून राहुड घाट गाठला. ट्रकांची रांग पुढे सरकून रस्ता मोकळा होईपर्यंत थांबलो, मग तिसऱ्या गिअरमध्ये पाय खाली. हेल्पर ओरडून आकडे सांगत होता. उभ्या गाडीत पाणी आतल्या बाजूला ओढलेलं होतं, तीनेक सेंटिमीटर. चढावर ते उलटलं आणि बाहेरच्या बाजूला आठवर गेलं. ठीक आहे.

वर रुंद जागा बघून गाडी घेतली आणि निळा डबा मध्ये जोडला, नुसता क्लिपांवर. खाली उतरून तोच चढ, तोच गिअर. पाणी आठ ओलांडून पंधरा, वीस, आणि पुढे हेल्परच्या पायावर. कुंकवाचे डाग पडलेली पँट घेऊन तो बिचारा दिवसभर वावरला. यू पाइपच्या तोंडातून पाणी बाहेर आलं म्हणजे डबा इंजिनाचा श्वास कोंडत होता.

तिथेच बोनेटवर डबा उघडला. चार स्क्रू, वरचं झाकण, आणि आत बॅटरी मारली. काही नाही. पाट्या नाहीत, जाळी नाही, आत येणारी नळी खाली नेलेली नाही. येणारं आणि जाणारं तोंड शेजारीशेजारी, हवा एका भोकातून येऊन दुसऱ्यातून निघून जाणार, तेलासकट. आणि तोंडं साडेनऊ मिलिमीटरची, कंपनीची नळी एकोणीसची. व्यास निम्मा म्हणजे वाट पाव. काका म्हणाले, "हा डबा नाही, बूच आहे."

मालकाला फोन लावला. तो गप्प झाला, मग म्हणाला, "पण दादा, रंग मॅचिंग होता."

दीड

भाकरी, कांद्याची पात, ठेचा. जेवताना फोन दोनदा वाजला, घेतला नाही.

दोन

मी वापरतो तो डबा अर्ध्या लिटरचा, साधा, अॅल्युमिनियमचा. आत येणारी नळी निम्म्यापर्यंत खाली जाते. तिथून हवा वळते, आडव्या पाटीवर आदळते, मग स्टीलच्या जाळीतून आणि शेवटी कांस्याचे बारीक कण दाबून भाजलेल्या फिल्टरमधून वर येते. तेलाचे थेंब इतके बारीक असतात की मोकळ्या जागेत ते हवेबरोबर वाहत जातात. कशावर तरी आदळून एकमेकांत मिसळले की मगच जड होऊन पडतात. आत भांडी घासायचा स्टीलवूल कोंबणारे मी पाहिलेत. त्याचे तुकडे सुटून टर्बोच्या पंख्यात गेले की काय होईल याचा विचार कोणी करत नाही.

शर्यतीच्या गाडीचं गणित वेगळं. नाशिकच्या आसपास रॅली ऑफ महाराष्ट्र व्हायची तेव्हा सर्व्हिस पार्कात मी घुटमळायचो. एफआयएच्या नियमात तिथे तेल धरणारी टाकी मोठी लागते: दोन हजार सीसीपर्यंत दोन लिटर, त्याच्या वर तीन लिटर, आणि आतलं दिसेल अशी. तिचा हेतू व्हॉल्व्ह वाचवणं नाही. रस्त्यावर तेल सांडून मागची गाडी घसरू नये, एवढ्यासाठी ती असते. तिथला मोकळा ब्रीदर आणि वरचा छोटा फिल्टर बघून पोरं रस्त्यावरच्या गाडीलाही तसंच करून मागतात. मी करत नाही. कायद्यात बसत नाही, शिवाय सिग्नलला उभं राहिलं की एसीतून जळक्या तेलाचा वास आत येतो. डब्यातून निघालेली हवा परत टर्बोच्या तोंडातच गेली पाहिजे.

जागा कुठे द्यायची यावर काकांशी थोडं वाजलं. त्यांना डबा इंजिनाजवळ हवा होता, नळी आखूड म्हणून. मला लांब, पुढे रेडिएटरच्या कडेला, जिथे हवा लागते. गरम डब्यातून वाफ वाफच राहून निघून जाते, थंड डब्यात ती पाणी होऊन तळाशी बसते. टर्बोच्या डोक्यावर डबा टांगण्यात अर्थच नाही. शेवटी माझं झालं, पण नळीचा उतार त्यांनी आखून दिला. मध्ये कुठेही झोळ नको, तेल एकतर डब्याकडे वाहावं नाहीतर इंजिनाकडे.

पट्टी लेथवाल्याकडून वाकवून आणली. तो एरवी बागेच्या ब्लोअरची कामं करतो, आणि हसत म्हणाला, "नळी पण घेऊन जा ना, फवारणीची आहे, दाबाला दणकट." ती पीव्हीसीची. गरम तेलात चार महिन्यांत लाकूड होईल. दिसायला देखणी रंगीत सिलिकॉनची नळीही इथे चालत नाही, तेल तिच्यातून पाझरतं आणि बाहेरून चिकट होतं. तेलाला टिकणारी नायट्राइल रबराची काळी नळी, आतून दोऱ्याचं जाळं असलेली, म्हणजे ओढ आली की ती चपटी होत नाही. आतला व्यास कंपनीइतकाच.

चार

सगळं बसवून झाल्यावर इनटेकमध्ये धूर सोडला. हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढे एखादी क्लिप सैल राहिली तर इंजिन न मोजलेली हवा पितं, आयडलिंग डळमळतं, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि गिऱ्हाईक मला शिव्या घालतं. एका सांध्यातून धुराचा दोरा निघाला, क्लिप बदलली.

परत राहुडला जाण्याइतका दिवस नव्हता. जवळच्या उड्डाणपुलाच्या चढावर जेवढा मिळाला तेवढा भार दिला. सकाळी घाटाला निघताना याच चढावर पाणी सहावर आलं होतं, आता साडेसहा. जाळी आली की एवढा अडथळा येणारच. तो चालतो.

साडेसहा

मालक आला. बोनेट उघडून आधी फोटो काढले. मग विचारलं, "पॉवर किती वाढली?"

शून्य. डब्याने ताकद वाढत नाही, असलेली टिकते. पेट्रोलमध्ये तेलाचे तुषार मिसळले की ऑक्टेन घसरतो, इंजिन नॉक करायला लागतं, आणि ईसीयू स्वतःला वाचवायला टायमिंग मागे घेतो. मॅपिंगला पैसे मोजून घेतलेली ताकद अशी गुपचूप परत जाते. हे त्याला पटलं. पैशाचा हिशेब बागायतदाराच्या पोराला लगेच कळतो.

डब्याखालचा कॉक उघडून दाखवला. उड्डाणपुलावरच्या पळापळीत तळाला थोडंसं जमलं होतं, कॉफीच्या रंगाचं, पेट्रोलच्या वासाचं. हिवाळ्यात पाणी जास्त येईल, म्हणून दर पाचशे किलोमीटरला उघडायचा. उन्हाळ्यात हजार चालतील. जमलेलं परत इंजिनात ओतायचं नाही, त्यात पाणी आहे, आम्ल आहे. आणि बांधावरही ओतायचं नाही. "तुमची द्राक्षं युरोपात जातात, औषधाच्या अंशासाठी तपासून जातात, आणि तू बागेत हे ओतणार?" कॅनमध्ये साठवून आण, आमचं जळकं तेल जिथे जातं तिथेच जाईल. एक दिवस अचानक दुप्पट भरला तर मात्र फोटो काढत बसू नको, गाडी घेऊन ये. रिंगांची पहिली बातमी तिथेच कळते.

तो म्हणाला मार्चमध्ये माल उतरला की मित्रांबरोबर स्पितीला जायचंय. मग जाण्याआधी डबा काढून कंपनीची नळी परत लावून जा, असं सांगितलं. शून्याखाली डब्यातलं पाणी गोठतं, श्वास बंद होतो, आणि सील कुठेतरी काझाच्या अलीकडे फुटतं. नळी त्याच्या डिकीत टाकली. निळा डबा त्याने मागून घेतला. घरी पेन ठेवायला.

साडेसात

शटर ओढणार तेवढ्यात तात्या आले, रिकामी ट्रॉली घेऊन. लिलाव बरा झाला असावा, चेहरा मोकळा होता. थार बाहेर निघताना त्यांनी डबा पाहिला होता.

"मिस्तरी, हे तेल धरायचं काहीतरी लावलंत ना तुम्ही? मलाही एक लावून टाका. रिंगांचं पुढच्या वर्षी बघू."

"तात्या, तुमच्या ट्रॅक्टरला डबा नाही, बादली लागेल."

"मग बादली लावा."

काका हसायला लागले, तात्याही. हेल्परने झाकण परत सैल करून त्यांच्या हातात दिलं. दाबाने ते त्यांच्या तळहातावर टणाटण उडायला लागलं. तात्यांनी दोन-तीनदा ते दाबून धरायचा प्रयत्न केला, धरवेना.

"सोमवारी आणू?"

"रविवारी संध्याकाळीच आणा. गार होऊ द्या रात्रभर, सकाळी हेड उघडतो."

"आणि कांदा कशात आणू तोवर?"

लेथवाल्याचा ट्रॅक्टर रिकामा आहे, त्याला फोन लावून दिला.